रंग मोजणारं यंत्र किती वर्षं खरं सांगतं?

निकाहच्या पत्रिका, अल्बम, दुकानांचे फलक यांचं डिझाइन आता अनेकजण घरीच करतात. पडद्यावरचा हिरवा छापून शेवाळी आला की गिऱ्हाईक पैसे अडवतं. मग मॉनिटरचे रंग नीट लावण्यासाठी कलरिमीटर घेतलं जातं. पण तेच चुकू लागलं तर? चांगला पडदाही ते बिघडवून ठेवतं.

त्याच्या आयुष्याचा ठरलेला आकडा नाही. सगळं आतल्या फिल्टरवर आहे. ‘आयवन डिस्प्ले २’सारख्या जुन्या यंत्रांत रंगद्रव्याचे फिल्टर असत. उष्णतेनं आणि दमट हवेनं ते बदलतात, यंत्र कपाटात पडून असलं तरीही. कोकणातल्या पावसाळ्यात तर विचारूच नका! २०११ मध्ये आलेल्या ‘आयवन डिस्प्ले प्रो’त काचेचे फिल्टर आहेत, ते पुष्कळ टिकाऊ. म्हणून फार जुनं यंत्र स्वस्तात मिळालं तरी घेऊ नये, असं माझं मत.

शंका असेल तर ओळखीच्या कुणाचं नवं यंत्र आणून एकाच मॉनिटरवर दोन्ही लावून पाहा. दोघांना ६५०० केल्विनचाच पांढरा सांगितल्यावर आपल्या यंत्राचा गुलाबी किंवा हिरवट दिसला, तर ते बदला.

यंत्र चांगलं, पण कंपनीचं सॉफ्टवेअर नव्या संगणकावर चालत नाही, असंही होतं. तेव्हा ‘आर्गिल सीएमएस’ हे मोफत सॉफ्टवेअर वापरून पाहा. ते बरीच जुनी यंत्रं ओळखतं. आणि काम झालं की यंत्र हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा.