आधी डबा मोजा

१९८२च्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आला आणि पुढच्या वीसेक वर्षांत मराठी मध्यमवर्गाच्या बैठकीच्या खोलीत एक नवं कपाट उभं राहिलं. वर सरकत्या पट्ट्यांचं शटर, शटरला कुलूप, खाली दोन खण आणि मागे गरम हवा जायला भोकं पाडलेली हार्डबोर्डाची फळी. परीक्षा जवळ आल्या की शटर ओढलं जायचं आणि किल्ली आईकडे जायची. मग टीव्ही चपटा होऊन भिंतीवर चढला. कपाट बाल्कनीत गेलं. आता त्यात जुन्या वायरी असतात, एका माळेचे निम्मे पेटणारे दिवे असतात आणि वडील टाकू देत नाहीत म्हणून राहिलेला व्हीसीआर असतो.

दसऱ्याआधीच्या आवराआवरीत कुणीतरी म्हणतंच, ‘लाकूड चांगलं आहे, याचं काहीतरी करू या.’ जुन्या फर्निचरचं वाटोळं होतं ते या ‘काहीतरी’पाशी. मोडायची वस्तू समोर असते, ठेवायची वस्तू ठरलेली नसते. सुतार येतो, दोन फळ्या मारतो, पॉलिश करतो आणि महिन्याभरात त्या फळ्यांवर पुन्हा वायरीच जमतात. माझं म्हणणं एवढंच आहे की सुरुवात उलट टोकाने करावी. घरात जागा न मिळालेली वस्तू कोणती, ते आधी ठरवावं. वर्षातून चार वेळा लागणारी मोठी परात, कुकर, पुरणयंत्र, पाहुण्यांच्या चादरी, वाणसामानाचे डबे. त्यातली एक जात निवडावी, टेप घेऊन ती मोजावी आणि मगच जुन्या कपाटाकडे वळावं.

मोजायचं ते मुख्यतः खोली, म्हणजे पुढून मागे किती इंच, ते. उंची-रुंदीत थोडं इकडेतिकडे चालतं, खोलीत चालत नाही. पुस्तकांना दहा इंच पुष्कळ झाले. डब्यांना बारा. घडीच्या कपड्यांना सोळा ते अठरा आणि हँगरला लटकणाऱ्या शर्टाला बावीस-चोवीस लागतात. टीव्हीचं कपाट साधारण वीस-बावीस इंच खोल असतं, कारण जुन्या टीव्हीची पाठ तेवढी होती. त्यात पुस्तकं लावली तर दोन रांगा होतात आणि मागची रांग पुढच्या दिवाळीपर्यंत दिसत नाही. डब्यांचंही तेच, मागे गेलेला साबुदाणा एकादशीला सापडत नाही, म्हणून नवा आणला जातो. हँगरसाठी म्हणावं तर उंची पुरत नाही.

मग काय ठेवावं? मोठी भांडी. टीव्ही जिथे बसायचा तिथे पाऊण इंची प्लायचे दोन उथळ ट्रे करून घ्या आणि ते चॅनेलवर बसवा, म्हणजे अख्खा ट्रे बाहेर ओढता येतो. चॅनेल दोन-दोन इंचांच्या फरकाने मिळतात, तेव्हा आतलं माप घेऊन वीसचं बसतं की अठराचं, हे दुकानात जाण्याआधी ठरवा. कढई, परात, इडलीपात्र, कुकर सगळं एका ओढीत समोर येतं, खाली बसून हात घालून शोधावं लागत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला याची किंमत कळेल. मागची भोकांची फळी मात्र बदलू नका. पावसाळ्यात बंद कपाटाला जो कुबट वास धरतो, तो तिच्यामुळे कमी होतो.

पुस्तकंच ठेवायची असतील तर एक सावधगिरी. फूटभर लांबीच्या रांगेत आठ-दहा किलो वजन सहज बसतं. तीन फुटांची फळी मध्ये आधार न देता टाकली तर वर्षभरात तिला झोल येणार. सुतार ‘काही होत नाही’ म्हणतो, कारण झोल येतो तेव्हा तो तिथे नसतो.

काही वस्तूंना मात्र हात लावू नये. दुभत्याचं कपाट ही त्यातली पहिली. चारी बाजूंनी जाळी, आत दोन-तीन कप्पे, पाय पाण्याच्या वाट्यांत. फ्रिज आला आणि ते माजघरातून माळ्यावर गेलं. आता लोक त्याची जाळी काढून काच बसवतात आणि आत शोभेच्या बाहुल्या मांडतात. अहो, तुमच्या ओट्याखाली कांदे मोड येऊन कुजताहेत, बटाटे प्लास्टिकच्या पिशवीत घामेजताहेत. हवा खेळती असलेलं कपाट घरात आहे आणि त्याला तुम्ही काच लावताय! वरच्या कप्प्यात लसूण, मधल्यात कांदे ठेवा; बटाटे मात्र कांद्यांपासून लांब, दुसरीकडे अंधारात ठेवा, शेजारी ठेवले तर दोन्ही लवकर खराब होतात. मुंग्यांसाठी वाट्या ठेवणार असाल तर पाणी आठवड्याच्या आत बदला. डेंग्यूचे डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतात.

दुसऱ्या टोकाला शोभेचा छंद आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोरबाजारात, ओशिवऱ्याच्या फर्निचरच्या दुकानांत पाडलेल्या वाड्यांचे दरवाजे मिळतात. ते विकत आणायचे, आडवे करायचे, वर काच टाकायची आणि त्याला जेवणाचं टेबल म्हणायचं. नक्षीत अडकलेला भाताचा कण काढायला टूथब्रश लागतो, हे घेताना कुणी सांगत नाही. शिवणयंत्राच्या लोखंडी पायांवर टीपॉय करणाऱ्यांना मी माफ केलं आहे, कारण निदान त्यावर चहा ठेवता येतो.

कोणतं लाकूड राखावं, हे ओळखायला फार ज्ञान लागत नाही. जुनं सागवान, मग ते बर्मी असो की बल्लारशाच्या डेपोतलं, गाभ्याचं असेल तर वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. लाकडातल्या तेलामुळे आणि रसायनांमुळे. पण त्याच झाडाच्या कडेचं फिकट लाकूड किडे आवडीने खातात. फळीला बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर ती फळी काढून टाका, उरलेलं ठेवा. जुन्या पलंगांचे आणि कपाटांचे सांधे बहुधा कूस-साल पद्धतीचे, त्यामुळे ते सुटे होतात. पुनर्विकासानंतर नव्या इमारतीच्या लिफ्टमध्ये कपाट मावत नाही म्हणून भंगारात देणाऱ्यांनी आधी एकदा खुंट्या काढून पाहाव्यात. उलट, हल्लीचं पार्टिकल बोर्डाचं फर्निचर एकदा उकललं की संपलं. त्यात स्क्रू त्याच भोकात दुसऱ्यांदा धरत नाही आणि सिंकखाली ओल लागली की कडा फुगतात. त्याचं रूपांतर करण्यात वेळ घालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

रंगाचं प्रकरण गंभीर आहे आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा २०१६च्या नियमांनी आली आणि २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. म्हणजे आजोबांच्या हिरव्या ऑइलपेंटच्या कपाटात शिसं असू शकतं, हे धरूनच चाला. असा रंग घरात कोरडा घासायचा नाही. धूळ चादरींवर, तिथून लहान मुलांच्या हातांवर आणि तोंडात जाते. घासायचंच असेल तर घराबाहेर, पाणी मारून ओलं ठेवून, मास्क लावून, आणि मुलांना दुसरीकडे पाठवून. जुना पाळणा खेळण्यांसाठी वापरणाऱ्या हौशी आयांना हे आधी सांगावंसं वाटतं.

आणि सुताराला असं काम उक्तं देऊ नका. रंगाखाली सागवान आहे की आंबा, सांधा कुसाचा आहे की खिळ्यांचा, हे कपाट उकलेपर्यंत त्यालाही ठाऊक नसतं. मग तो अंदाज चढा धरतो, नाहीतर काम अर्ध्यावर उरकतो. त्याला रोजावर बोलवा. पहिल्या दिवशी नुसतं सुटं करून, फळ्या पुसून, भिंतीला टेकवून ठेवायला सांगा. तेवढ्या रोजात कळतं की यातून भांड्यांचं कपाट निघतंय की दोन चांगल्या फळ्या. दोन फळ्याच निघाल्या तर त्या स्वयंपाकघराच्या दारावर बारा इंची खोलीत ठोकून घ्या आणि वर डबे मांडा.