मर्यादा वाढवून मागावी ती पेरणीआधी

किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा कधी वाढवून मागावी, या प्रश्नाची दोन उत्तरं जालना जिल्ह्यातल्या गावांत तयार असतात. एक म्हणतं, अडचण आली की मागावी. पीक गेलं, पोरीचं लग्न निघालं, दवाखाना लागला की शाखेत जावं, मर्यादा वाढवून घ्यावी आणि खातं ‘नवं-जुनं’ करून मोकळं व्हावं. दुसरं उत्तर जुन्या वळणाच्या माणसांचं असतं. कर्ज वाढवून मागणं चांगल्या घराला शोभत नाही, बँकेनं दिलंय तेवढ्यात भागवावं. पहिलं उत्तर माणसाला थकबाकीत नेतं. दुसरं त्याला कृषी सेवा केंद्राच्या उधारीवर आणि सावकाराच्या ओट्यावर नेऊन बसवतं. दोन्ही उत्तरं मर्यादेला मदत समजतात, आणि चूक तिथेच आहे. मर्यादा हा हिशेब आहे, आणि तो हिशेब बदलला की ती मागायची असते.

हा हिशेब गुप्त नाही. 1998 साली आलेल्या या योजनेचं 2012 मध्ये जे सुधारित रूप आलं, त्यात तो स्पष्ट मांडला आहे. जिल्हास्तरीय तांत्रिक समिती दरवर्षी प्रत्येक पिकाचा कर्जदर ठरवते. त्या दराला क्षेत्रानं गुणायचं. येणाऱ्या रकमेच्या 10 टक्के काढणीनंतरच्या आणि घरखर्चासाठी, 20 टक्के अवजारं-विहीर-मोटारीच्या देखभालीसाठी, आणि वर पीकविम्याचा हप्ता. समजा, एखाद्या पिकाचा दर एकरी 25,000 रुपये आहे आणि शेत चार एकर आहे. मूळ रक्कम 1,00,000, त्यावर 10,000 आणि 20,000. विमा सोडून पहिल्या वर्षाची मर्यादा 1,30,000 झाली. पुढं खर्चवाढीपोटी दरवर्षी 10 टक्के धरून पाचव्या वर्षी ती 1,90,333 वर पोचते. म्हणजे ‘मर्यादा वाढवा’ असं म्हणण्याआधीच कागदावर ती वाढत असते. पहिल्या वर्षी उचललेल्या 1,30,000 वरच पाच वर्षं तेच आकडे फिरवत बसलेले खातेदार असतील, तर त्यांनी नवी मर्यादा मागण्याआधी मंजूर असलेली उचल मागावी. शाखेत विचारायचा पहिला प्रश्न हाच: यंदा माझी उचल किती बसते?

मग नवी मर्यादा कधी? योजनेतच दोन प्रसंग दिले आहेत. समितीनं दर 10 टक्क्यांहून जास्त वाढवला, तर उचलीची रक्कम फेरआखता येते, आणि गरज पडली तर कार्डाची मर्यादाही. दुसरा प्रसंग पीकपद्धती बदलण्याचा, आणि जालन्याच्या दृष्टीनं खरा महत्त्वाचा तोच. अंबड, घनसावंगी, जालना या पट्ट्यात कापूस-सोयाबीनच्या जागी मोसंबी आली की शेताचा वार्षिक खर्च बदलतो. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, पण बँकेचा कारकून मानांकन बघून पैसे देत नाही, तो सातबारा बघतो. कार्ड काढताना सातबाऱ्यावर कापूस होता, आज त्याच गटात फळावर आलेली बाग उभी आहे आणि मर्यादा मात्र कापसाचीच, अशी विसंगती असेल तर त्या शेतकऱ्यानं वाढ न मागणं हा संयम नव्हे, ते नुकसान आहे. खत, फवारणी, आंबे बहाराचं पाणी, ठिबकची दुरुस्ती हा सगळा खर्च होणारच असतो. फरक एवढाच, की बँकेनं दिला नाही तर तो दुसऱ्या कुणाकडून महाग दरानं येतो.

तुतीचंही तसंच. 2018 मध्ये जालन्याच्या बाजार समितीत रेशीम कोषांची खरेदी सुरू झाली आणि कर्नाटकातल्या रामनगरची वाट धरणाऱ्यांना घराजवळ बाजार मिळाला. पशुपालन आणि मत्स्यव्यवसायही 2018-19 पासून किसान क्रेडिट कार्डाच्या कक्षेत आले. दारात चार म्हशी बांधल्यावर मर्यादा मात्र फक्त तुरीची ठेवणाऱ्यानं आपलाच उद्योग बँकेपासून लपवल्यासारखं होतं. मात्र आधी नोंद, मग मागणी. 2021 पासून ई-पीक पाहणीची नोंद शेतकऱ्याला स्वतः करता येते. बाग शेतात आहे आणि नोंदीत नाही, तर मागणी पहिल्याच टेबलावर अडते, आणि ती अडवणाऱ्या कारकुनाची चूकही काढता येत नाही.

इथं पहिल्या मताचे लोक विचारतील, की मग नापिकीच्या वर्षी माणसानं काय करायचं? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळणं अन्याय ठरेल. 2012-13 च्या दुष्काळात याच जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळल्या, लोकांनी टँकरनं झाडं जगवली, जगली नाहीत ती तोडली. अशा वर्षी मर्यादा वाढवून नवं-जुनं करण्याचा अर्थ काय होतो? जुन्या कर्जाची मुद्दल आणि व्याज नव्या, मोठ्या कर्जातून भरलं जातं. कागदावर खातं स्वच्छ दिसतं, हातात उरलेली रक्कम पेरणीलाही पुरत नाही, आणि पुढच्या मार्चला फेडायचा आकडा मोठा झालेला असतो. शेतात उत्पन्न वाढलं नाही आणि देणं तेवढं वाढलं.

आपत्तीच्या वर्षाचं औषध वेगळं आहे आणि त्याचं नाव पुनर्गठन. रिझर्व्ह बँकेच्या 2018 च्या निर्देशांनुसार आपत्तिग्रस्त भागात पिकाचं नुकसान 33 ते 50 टक्के असेल तर पीककर्ज दोन वर्षांपर्यंतच्या मुदत कर्जात बदलता येतं, 50 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर पाच वर्षांपर्यंतच्या. दोन्हींत पहिलं एक वर्ष हप्त्यातून सूट. त्यानंतर नव्या हंगामासाठी नवं पीककर्जही मिळू शकतं. 31 ऑक्टोबर 2023 ला राज्यात 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यात जालना जिल्ह्यातले तालुकेही होते आणि सवलतींमध्ये कर्जाचं पुनर्गठन होतं. अशा वेळी शाखेत जाऊन ‘मर्यादा वाढवा’ म्हणणारा माणूस हक्काची गोष्ट सोडून धोक्याची मागतो.

याहून घातक सल्ला कर्जमाफीचा. माफी येणार आहे, आधी मर्यादा वाढवून रक्कम उचलून ठेवा, असं पारावर सांगितलं जातं. मागच्या दोन मोठ्या योजना हा सल्ला खोटा ठरवतात. 2017 च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत माफीची मर्यादा दीड लाख होती आणि त्यावरच्या थकबाकीदाराला वरची रक्कम आधी भरावी लागत होती. 2019 च्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत तर 30 सप्टेंबर 2019 रोजी थकबाकी दोन लाखांच्या आत असणं ही अटच होती. ज्यानं माफीच्या आशेनं आकडा फुगवला, तोच बाहेर राहिला.

दुसऱ्या टोकाच्या माणसांचं एक म्हणणं मात्र मान्य करावं लागतं. प्रत्येक वाढ सारखी स्वस्त नसते. 1 जानेवारी 2025 पासून विनातारण शेतीकर्जाची मर्यादा 1 लाख 60 हजारांवरून 2 लाखांवर गेली. ती रेष ओलांडली की गहाणखत, वकिलाचा शोध अहवाल आणि सातबाऱ्यावर बोजा यांची तयारी ठेवावी लागते. पुढची रेष तीन लाखांची. केंद्राच्या सवलतीनं 7 टक्क्यांचं कर्ज मुदतीत फेडणाऱ्याला 4 टक्क्यांना पडतं आणि डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळं राज्यात 2021 पासून तीन लाखांपर्यंत ते शून्य टक्क्यावर येतं. 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात केंद्राच्या सवलतीची मर्यादा पाच लाख करण्याची घोषणा झाली. तरी आपल्या खात्याला सवलत नेमकी कुठवर लागते, हे सही करण्याआधी विचारून घ्यावं. खर्च तीन लाख दहा हजारांचा असेल, तर वरच्या दहा हजारांसाठी मर्यादा ओढण्यापेक्षा ते घरातून काढलेले बरे. खर्च साडेचार लाखांचा असेल, तर रेषेला घाबरून दीड लाख सावकाराकडून आणणं हा शुद्ध तोटा आहे.

जालना शहरात, स्टील कारखान्यांत आणि बियाणं कंपन्यांत नोकरी करणाऱ्यांच्या खिशात दुसरं क्रेडिट कार्ड असतं. त्याची मर्यादा वाढवण्याचे संदेश बँकच पाठवते. तिथं थकलेल्या रकमेवर वर्षाला 36 ते 42 टक्क्यांच्या घरात व्याज बसू शकतं, म्हणून ती वाढ बँकेच्या सोयीनं घ्यायची नसते. 2022 च्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय मर्यादा वाढवताच येत नाही. पूर्ण बिल दरमहा फेडलं जात असेल आणि पगार वाढला असेल, तेव्हा मागावी. मागचं बिल भरायला पैसे नाहीत म्हणून मागू नये.

आता बँकांकडे. वाढ मागणारा प्रत्येक शेतकरी बुडवणारा, ही शाखांतली समजूत तितकीच चुकीची आहे. मुदतीत फेडणारा माणूस शेतात पीक बदललं म्हणून एप्रिलमध्ये कागद घेऊन येतो, तेव्हा तो शाखेचा सर्वांत चांगला ग्राहक असतो. त्याला ‘जूनमध्ये या’ म्हणून परत पाठवणं म्हणजे त्याला मृगाच्या तोंडावर गर्दीत ढकलणं. पूर्ण भरलेल्या अर्जावर 14 दिवसांत निर्णय व्हावा, अशा सूचना बँकांना आहेत, आणि नकाराचं कारण लेखी द्यावं असं रिझर्व्ह बँकेची न्याय्य व्यवहार संहिता सांगते. मार्चअखेर खातं भरलं, नवे दर लागू झाले, सातबारा, आठ अ आणि पीक नोंद घेऊन एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात अर्ज दिला आणि त्याची पोच घेतली, तर निर्णय महिनाअखेरीला हातात येतो. नकार आला तर तो लेखी घेऊन जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकाकडे जायला मे महिना पुरा मोकळा असतो.