तारपेवाला कुठे गेला?



गेल्या भारतभेटीत आम्ही डहाणूजवळच्या एका नव्या हॉटेलात दोन दिवस राहिलो. 'अस्सल स्थानिक ढंगाचे' अशी त्याची जाहिरात होती. मालक हौशी. त्यांनी स्वतः फिरवून सगळे हॉटेल दाखवले. शेणामातीने सारवल्यासारख्या भिंती, जेवणात नागलीची भाकरी आणि कामाला आसपासच्या पाड्यांवरची मुले. खोटे कशाला बोला, आम्हाला आवडले. कुठल्याही शहरात खपून जाईल अशा काचेच्या ठोकळ्यापेक्षा हे शंभर पटींनी बरे.

लॉबीची अख्खी भिंत वारली चित्राने भरलेली होती. जवळ गेल्यावर कळले की तो छापील कागद आहे. चित्रात तारपा नाचाचे मोठे वर्तुळ होते आणि बरोबर मध्ये लिफ्टचे दार आले होते. सामान घेऊन जाणाऱ्या मुलाला माझ्या मुलीने विचारले, "हा कसला नाच?" तो म्हणाला, "तारपा नाच आहे ताई. पण तारपेवाला दारात गेला." वाजवणारा वर्तुळाच्या मध्ये असतो. तो वळेल तसे नाचणारे वळतात, तारप्याला कोणी पाठ दाखवत नाही. हॉटेल बांधणाऱ्या एवढ्या लोकांपैकी कोणालाच हे माहीत नव्हते, आणि ज्याला माहीत होते त्याला कोणी विचारले नव्हते.

जेवणाच्या टेबलावर ताटाखाली कागदी मॅट होती. तिच्यावर लग्नाचा चौक आणि मधोमध पालघट देवी. वारली लग्नात तांदळाच्या पिठाने हा चौक सवाशिणी लिहितात. तो 'लिहितात', काढत नाहीत. याच भागात एके काळी लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेणारा गडी बायकोसह वर्षानुवर्षे त्याच्याकडे राबत असे. त्याला 'लग्नगडी' म्हणत. १९४५ मध्ये गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी या वेठबिगारीविरुद्ध लढा दिला. 'जेव्हा माणूस जागा होतो' हे त्यांचे पुस्तक आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात असेल. त्या लग्नांतला चौक आमच्या रश्श्याने भिजला आणि कचऱ्यात गेला.

कोणी म्हणेल, एवढे मनाला काय लावून घ्यायचे? त्या मुलांना घराजवळ नोकरी मिळाली ना? मिळाली, आणि ती मोलाचीच आहे. कला बाजारात येऊ नये असेही माझे म्हणणे नाही. याच तालुक्यातले जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणली, जगभर नेली, आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही आहे. प्रश्न एवढाच की हॉटेलला प्रदेशाचा ढंग हवा, तर त्या ढंगाच्या माणसांना सामान उचलण्यापलीकडे जागा आहे का?

मालकांना हे बोललो. ते रागावले नाहीत. म्हणाले, "डिझायनर मुंबईचा होता. आणि खरे सांगू? आजवर एकाही पाहुण्याने विचारले नाही."

हे मात्र मला लागले. कारण पाहुणे म्हणजे आपणच. आमच्या इथल्या दिवाणखान्यात वारली कोस्टर आहेत, दिवाळीला मित्रांना आम्ही तेच भेट देतो. ते कोणी रंगवले, हे मीही कधी विचारले नव्हते.

आपल्यातले बरेच जण येत्या सुट्टीत अशा ठिकाणी राहतील. जरूर राहा. पण बुकिंग करताना तीन गोष्टी विचारा: भिंतीवरचे चित्र कोणी काढले, त्याखाली त्याचे नाव आहे का, आणि त्याला काय मिळाले? डॉलर मोजणाऱ्या गिऱ्हाइकाचा प्रश्न मालक ऐकतो.

आम्ही ज्या हॉटेलात राहिलो, तिथे लिफ्टशेजारी एक कोरी भिंत आहे. पाड्यावरच्या चित्रकारांकडून ती रंगवून घ्या, असे मी अभिप्रायाच्या वहीत लिहून आलो आहे. पुढच्या खेपेला बघायला जाणार आहे.