नवीन पटनायकांची २४ वर्षे

जून २०२४ मध्ये ओडिशातील बिजू जनता दलाची सत्ता गेली, तेव्हा नवीन पटनायक यांना मुख्यमंत्रिपदावर येऊन २४ वर्षे उलटली होती. १४७ जागांच्या विधानसभेत त्यांच्या पक्षाला ५१, तर भारतीय जनता पक्षाला ७८ जागा मिळाल्या. पराभवाचे खापर बहुतेकांनी व्ही. के. पांडियन या मूळच्या तमिळ, माजी सनदी अधिकाऱ्यावर फोडले. अस्मितेच्या प्रचाराने मते फिरली हे खरे. परंतु तेवढ्यावर थांबणे म्हणजे अर्थकारणाकडे पाठ फिरविणे होय.

पटनायक त्या निवडणुकीत दोन जागांवर उभे होते. गंजाम जिल्ह्यातील हिंजिली हा त्यांचा २००० पासूनचा मतदारसंघ. तेथे ते पाच हजारांहूनही कमी मताधिक्याने तरले. बोलांगीर जिल्ह्यातील कांटाबांजीत मात्र ते सोळा हजारांवर मतांनी पडले. या दोन्ही मुलखांतून माणसे पोटासाठी बाहेर पडतात. गंजामचे तरुण सुरतेच्या यंत्रमागांवर राबतात. बोलांगीरची कुटुंबे नुआखाईचा सण आटोपला की मुकादमाकडून उचल घेऊन तेलंगणातील वीटभट्ट्यांची वाट धरतात. आपल्याकडील ऊसतोड मजुरांची कहाणी ठाऊक असणाऱ्यास यात नवे काहीच वाटणार नाही.

पटनायकांचा कारभार नाकर्ता होता, असे मात्र कोणी प्रामाणिकपणे म्हणू शकणार नाही. १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे दगावली होती. २०१३ मध्ये ‘फायलिन’ येण्यापूर्वी सुमारे दहा लाख लोकांना सुरक्षित स्थळी हलविण्यात आले आणि बळींची संख्या शंभरीच्या पुष्कळच आत राहिली. कर्जाने वाकलेल्या या राज्याचा महसुली जमाखर्च २००५-०६ पासून शिलकी झाला. भूकबळींसाठी कुप्रसिद्ध असलेल्या कालाहंडी-बोलांगीर पट्ट्यात एक रुपया किलोने तांदूळ पोहोचला.

पण शिल्लक हे साधन असते. ती बव्हंशी खनिजांच्या स्वामित्वधनावर पोसली गेली, आणि खनिजांवर उभे राहणारे पोलाद व अॅल्युमिनियमचे कारखाने भांडवल अफाट गिळतात, हातांना काम मात्र थोडेच देतात. पॉस्कोचा २००५ मध्ये गाजावाजाने ठरलेला प्रकल्प तर २०१७ मध्ये गुंडाळलाच गेला.

पांडियन प्रकरणाचा खरा अर्थही येथेच शोधावा लागतो. तांदूळ वाटणे, किनारपट्टी रिकामी करणे ही कामे वरून सुटलेल्या हुकमाने होतात. त्यांत सनदी यंत्रणा तरबेज ठरली. तालुक्यात सिंचन आणावयाचे, लहान उद्योग रुजवावयाचे, तर स्थानिक आमदाराचा रेटा लागतो. तो रेटाच २४ वर्षांत निकामी झाला, कारण निर्णय सचिवालयात होत होते. पक्षात दुसरी फळी उभी राहिली नाही, ती याच कारणाने.

खाणींची तीच मिळकत २०२४ मध्ये नव्या राज्यकर्त्यांच्या हाती गेली. तिचा विनियोग कसा होतो हे अंदाजपत्रकापेक्षा, पावसाळा सरल्यावर कांटाबांजीच्या फलाटावर होणाऱ्या गर्दीवरून अधिक अचूक कळेल.