पोहरा नवा, आड कोरडा

गेल्या महिन्यात मराठी विषय घेऊन एम. ए. करणारी एक विद्यार्थिनी आमच्या कचेरीत आली. ती राहते खानापूर तालुक्यातील एका खेड्यात. विद्यापीठाचे ग्रंथालय गाठायचे तर तिला दोन गाड्या बदलाव्या लागतात. तिच्या विद्यापीठाने ग्रंथालयाचे मोबाईल ॲप काढले. (त्या विद्यापीठाचे नाव येथे सांगत नाही, कारण ही कथा त्या एकट्याची नव्हे.) मुलीने मोठ्या हौसेने ते ॲप उतरवून घेतले आणि शोधाच्या चौकटीत नागरी अक्षरांत ‘ज्ञानेश्वरी’ असे टंकले. उत्तर आले : एकही नोंद नाही. मराठीचा विभाग चालविणाऱ्या विद्यापीठात ज्ञानेश्वरी नाही, यावर तिचा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी मजुरी बुडवून तिचा भाऊ तिला घेऊन ग्रंथालयात गेला. तेथील शिपायाने कपाटात हात घातला आणि तीन निरनिराळ्या प्रती तिच्यापुढे ठेवल्या!

पुस्तके होती आणि त्यांची यादीही होती. मात्र ती यादी रोमन लिपीत होती, आणि रोमन लिपीत ‘ज्ञ’ लिहिण्याविषयी कोणाचेच एकमत नाही. एक लिपिक ‘डी-एन-वाय’ लिहितो, दुसरा ‘जे-एन’ लिहितो, उत्तरेकडच्या वळणाचा तिसरा ‘जी-वाय’ लिहितो. पुढे ‘श्वरी’तील ‘व’साठी ‘व्ही’ की ‘डब्ल्यू’, हा वाद आहेच. एकच ग्रंथ अशा रीतीने पाच ठिकाणी विखुरतो आणि आपल्या लिपीत शोधणाऱ्याला एकाही ठिकाणी सापडत नाही. आडातच नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी मोबाईलवर यावे की नाही, हा आता वादाचा प्रश्न राहिलेला नाही. त्यांनी यावे, किंबहुना यापूर्वीच यावयास हवे होते. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. वाचकाचा वेळ वाचविणे हे त्यांतील चौथे. पुस्तक जाग्यावर आहे की कोणी नेले आहे, हे घरबसल्या कळावे. नेले असेल तर त्यावर आपला क्रमांक लावता यावा. परतीची तारीख जवळ आली की आठवण व्हावी आणि मुदत तेथल्या तेथे वाढवून मिळावी. ग्रंथालयाने पैसे मोजून घेतलेली नियतकालिके वसतिगृहात वा गावी बसून वाचता यावीत. ही कामे मोबाईल खरोखरच करू शकतो. शहरात ग्रंथालयाच्या दारात राहणाऱ्यास यांची तेवढी मातबरी वाटणार नाही. ज्याची एक खेप म्हणजे एक बुडालेला दिवस, त्याच्या दृष्टीने हा शिक्षण पुरे होण्याचा वा अर्धे राहण्याचा प्रश्न आहे.

ग्रंथ वाचकाच्या दारी नेण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम बॉर्डेन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले आणि संस्थानभर मोफत ग्रंथालयांचे जाळे विणविले. ज्या गावी ग्रंथालय उभे राहणे शक्य नव्हते, तेथे लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालये गेली. त्या पेटीतील पुस्तके खेडूताला वाचता येणाऱ्या भाषेत होती, म्हणूनच त्या पेटीला अर्थ होता. आजची पेटी काचेची आहे, खिशात मावते, आणि तिच्यात कपाटेच्या कपाटे सामावतात. परंतु ती उघडण्याची किल्ली वाचकाच्या लिपीत नसेल, तर लाकडी पेटी बरी म्हणावयाची पाळी येईल.

यावर ‘तांत्रिक अडचण आहे’ असे ठराविक उत्तर मिळते. हे उत्तर आम्हांस मान्य नाही. युनिकोड या जागतिक संकेतात देवनागरी १९९१ पासून, म्हणजे त्याच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. ग्रंथनोंदीच्या ‘मार्क’ नावाच्या आंतरराष्ट्रीय साच्यात मूळ लिपीतील नोंदीसाठी ८८० क्रमांकाचा रकाना मुद्दाम राखून ठेवलेला आहे. न्यूझीलंडमध्ये १९९९ साली जन्मलेली ‘कोहा’ ही ग्रंथालयप्रणाली तर फुकट मिळते आणि नागरीतील नोंदी सुखेनैव सांभाळते. रकाना आहे, लिपी आहे, प्रणाली आहे. उणीव आहे ती तो रकाना भरण्याच्या इच्छेची.

मराठीची म्हणून एक खास अडचण आहे, तीही सांगितली पाहिजे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली झाले आणि शेकडो शब्दांवरील अनुच्चारित अनुस्वार गळाले. त्यापूर्वी छापलेल्या ग्रंथांच्या नावांत ‘कांहीं’ आहे, ‘नांव’ आहे. आजचा विद्यार्थी ‘काही’ आणि ‘नाव’ असे टंकतो. माणसाला दोन्ही एकच वाटतात. यंत्राला ते टिंब म्हणजे वेगळे अक्षर. अर्थात शंभर वर्षांचे मराठी वाङ्मय एका टिंबाच्या आड दडून बसते! अनुस्वार आणि ऱ्हस्वदीर्घ यांचे भेद शोधापुरते दृष्टीआड करावेत, असे यंत्राला शिकविता येते. तसे केल्याने चार अनावश्यक नोंदी अधिक येतील. एकही न येण्यापेक्षा चार अधिक आलेल्या बऱ्या.

आमचा खरा आक्षेप आहे तो क्रमाला. आज प्रथम ॲप येते, समारंभ होतो, छायाचित्रे निघतात. आणि यादी सुधारण्याचे काम मागे पडते, कारण यादीचे उद्घाटन करता येत नाही. ॲप एकदा करून भागत नाही. फोनची प्रणाली बदलली की त्यात दुरुस्ती करावी लागते. अँड्रॉइडसाठी एक आणि आयफोनसाठी दुसरे असा दुहेरी संसार सांभाळावा लागतो. कंत्राटाची मुदत संपली की तेच ॲप पडक्या धर्मशाळेसारखे उभे राहते. ज्या विद्यापीठाजवळ पैसा बेताचा आहे, त्याने आपले संकेतस्थळच स्वस्तातल्या फोनवर, क्षीण जोडणीवरही नीट उघडेल असे करावे आणि वाचलेला पैसा नोंदी करणाऱ्या माणसांवर खर्चावा. मराठी, कन्नड जाणणारे पदवीधर तरुण कामाच्या शोधात असताना यादीला हात नाहीत, असे कोणी म्हणू नये.

हो, कन्नडही. आमची मागणी मराठीपुरती आखूड नाही. ज्या ग्रंथालयात कन्नड ग्रंथ आहेत, तेथे ते कन्नड लिपीत सापडलेच पाहिजेत. आमच्या मुलास जो अडसर होतो, तोच शेजाऱ्याच्या मुलासही होतो. आणि रोमन अक्षरांच्या त्या यादीपुढे दोघेही सारखेच निरक्षर ठरतात.

आणखी एक इशारा. कोण काय वाचतो याची बारीक नोंद ॲपला ठेवता येते. पुस्तकाची मुदत वाढविण्यासाठी वाचकाचा ठावठिकाणा आणि त्याच्या ओळखीच्यांचे दूरध्वनी क्रमांक कशाला हवेत? वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला आहे. परंतु कायद्याच्याही आधी ग्रंथपालाचा धर्म येतो. वाचकाचे वाचन ही त्याची खासगी बाब आहे. ज्या प्रांतात मतभेदाची किंमत मोजावी लागते, तेथील वाचकाला तरी हे अधिक सांगणे न लगे.

मोठी उदाहरणे डोळ्यांपुढे आहेत. खरगपूरच्या आय. आय. टी.ने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ साली देशाला अर्पण झाले आणि ते मोबाईलवरही आहे. गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राच्या ‘शोधगंगे’त देशभरच्या विद्यापीठांचे प्रबंध कोणालाही वाचावयास खुले आहेत. आपल्या विद्यार्थ्यांनी ही दोन्ही दारे अवश्य ठोठवावीत. पण ती आहेत म्हणून आपल्या विद्यापीठाच्या कपाटांतील ग्रंथांची जबाबदारी सरत नाही.

म्हणून प्रत्येक सुशिक्षित वाचकास आमची विनंती आहे. आपण ज्या विद्यापीठाचे पदवीधर आहात, किंवा आपली मुले जेथे शिकतात, त्याच्या ग्रंथालयाचे ॲप वा संकेतस्थळ आज रात्री उघडा. आपल्याला प्रिय असलेल्या एका मराठी ग्रंथाचे नाव नागरीत टंका. तो सापडला तर ग्रंथपालांस धन्यवादाचे पत्र पाठवा; त्यांना अशी पत्रे क्वचितच मिळतात. न सापडला तर काय टंकले व काय उत्तर आले, हे तारखेसह लिहून ग्रंथपालांस आणि अधिसभेवरील आपल्या प्रतिनिधीस कळवा. एका पत्राने काही होणार नाही. शंभर पत्रांना मात्र टपालात गहाळ होता येत नाही.

ती मुलगी तीनही प्रती पाहून, एक घेऊन घरी गेली. पंधरा दिवसांनी मुदत वाढविण्यासाठी तिला पुन्हा दोन गाड्या बदलाव्या लागल्या, कारण ॲपमधील ते बटण चालत नव्हते. ते बटण आणि ती यादी दुरुस्त होईपर्यंत हा विषय आम्ही सोडणार नाही.