हरली म्हणून तिला घरी बसवू नका

पालकहो, आपल्या धर्माबादच्या उन्हात मिरची वाळते. बर्फावरच्या हॉकीचं इथं काय काम? तरी ऐका. लडाखच्या मुली हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर सराव करतात. त्यांचाच भरणा असलेला भारतीय महिला संघ २०१६ मध्ये तैपेईला पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळला आणि सगळे सामने हरला. २०१७ मध्ये बँकॉकला फिलिपिन्सविरुद्ध पहिला विजय मिळाला. २०२५ मध्ये आशिया चषकात कांस्यपदक आलं. पहिल्या पराभवानंतर त्यांना घरी बसवलं असतं तर?

आपल्याकडं आठवीतली पोरगी तालुका स्पर्धेत खो-खो हरली, की "पुरे झाला आता खेळ!" म्हणतो. माझं म्हणणं एवढंच: पोरीला हरायलाही चार-दोन वर्षं द्या. उद्या सकाळी तिला मैदानावर पाठवाच.