‘लक्ष देऊन लिहा’ हा उपाय नव्हे

“नीट लक्ष देऊन लिहिलं असतं तर हा बग आलाच नसता.” कर्नेलमधली मोठी चूक उघडकीला आली की हे वाक्य ठरलेलं. आपल्यातले बरेच जण याच धंद्यात आहेत. कोड-रिव्ह्यूत हे त्यांनी ऐकलं असेल, कदाचित कुणाला ऐकवलंही असेल. उपदेश म्हणून ते ठीक आहे, पण इंजिनिअरिंग म्हणून कुचकामी आहे.

जे या धंद्यात नाहीत त्यांनी मंडळाने गणपतीसाठी भाड्याने घेतलेला हॉल डोळ्यांपुढे आणावा. शेवटी निघेल त्याने दिवे मालवून कुलूप लावायचं. पण आपणच शेवटचे हे कळणार कसं? म्हणून दारावर पाटी लावली: येताना आकडा एकाने वाढवा, जाताना एकाने कमी करा, शून्य झालं की कुलूप. कर्नेलमध्ये उघडलेली फाइल, सॉकेट, डिव्हाइस अशा असंख्य गोष्टींच्या दारावर अशी पाटी असते. तिचं नाव रेफरन्स काउंट. कुणी आकडा कमी न करता निघून गेलं, तर दिवे कायम जळत राहतात, म्हणजे मेमरी अडकून पडते. कुणी दोनदा कमी केला, तर माणसं आत असतानाच हॉल दुसऱ्याला दिला जातो. हल्लेखोराला नेमकं हेच हवं असतं.

खरी गोम मागच्या दारात आहे. सरळ वाटेने जाणारे सगळे पाटी बदलून जातात. विसर पडतो तो मधूनच बाहेर पडताना. जानेवारी २०१६मध्ये जाहीर झालेली लिनक्समधली सीव्हीई-२०१६-०७२८ ही चूक बघा. प्रोसेसने स्वतःचंच सेशन कीरिंग पुन्हा मागितलं, की कोड मधल्या वाटेने परत फिरे आणि आकडा कमी करायचा राहून जाई. आकडा ३२ बिटांचा. ४२९ कोटींहून अधिक वेळा हेच केलं की तो फिरून शून्यावर येई आणि वापरातलं कीरिंग मोकळं करता येई. त्यातून साध्या वापरकर्त्याला रूट होण्याची वाट मिळत होती. दुरुस्ती होती एका ओळीची. ती ओळ २०१३च्या ३.८ आवृत्तीपासून जवळपास तीन वर्षं नव्हती. कोड खुला होता, वाचणारे निष्णात होते. लक्ष द्यायला कोण कमी पडलं?

उपाय आहेत, आणि दर वेळी त्यांना नाकं मुरडली गेली. २०१७मध्ये टोकाला पोचल्यावर शून्याकडे न फिरता तिथेच अडकून राहणारा काउंटर आला. “वेग कमी होईल,” अशी ओरड झाली. त्याच वर्षी एक्स८६साठी त्याची जलद आवृत्ती आली. २०२३मध्ये व्हेरिएबलचा स्कोप संपताच आकडा कंपायलरकरवी कमी करून घ्यायची सोय कर्नेलमध्ये आली. नेटवर्किंग विभागाच्या मार्गदर्शक टिपणात तिच्याबद्दल साशंकता नोंदवलेली आहे. रस्टचा वाद तर सर्वांना माहीत आहे.

विरोधकांचा चांगला मुद्दा असा की आपोआप होणारं काम डोळ्यांना दिसत नाही आणि कर्नेलमध्ये जे घडतं ते दिसायला हवं. मान्य. पण जी ओळ लिहायचीच राहिली, ती तरी कुठे दिसते? एका फंक्शनमध्ये बाहेर पडायच्या सात वाटा असतील, तर सातही वाटांवर काय नाही हे रिव्ह्यू करणाऱ्याने शोधायचं. माणूस या कामात कच्चा आहे आणि कंपायलर पक्का.

यंत्राने सगळं सुटणार नाही. वस्तूची मालकी कुणाकडे, ती कधी दुसऱ्याकडे जाते, हे माणसानेच ठरवायचं. जुनी गोटूची पद्धत आणि नवी सोय एकाच फंक्शनमध्ये मिसळली तर नवा घोळ होतो. म्हणूनच माणसाचं लक्ष तिथे लागायला हवं, पाटीवरचे आकडे मोजण्यात नव्हे.

तेव्हा पुढच्या रिव्ह्यूत अशी चूक सापडली, तर ती कुणी केली हे आधी विचारू नका. ती लिहिता येणं आपण अजून शक्य का ठेवलं आहे, हे विचारा. फोनपासून सर्व्हरपर्यंत हेच कर्नेल चालतं. ते वापरणाऱ्यांना आपल्या एकाग्रतेवर विसंबायला लावण्याचा आपल्याला काही अधिकार नाही.